मिलमध्ये तू यायचं नाहीस

लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड, चिंचपोकळी. साठच्या दशकात मुंबईच्या या भागातल्या चाळींत जन्मलेली आम्ही मुलं वडिलांना वेगवेगळ्या नावांनी हाक मारायचो. कोकणातून आलेल्या घरांत बाबा, सातारा-सांगलीकडच्या घरांत आबा नाहीतर अण्णा, एखाद्या बिऱ्हाडात तात्या किंवा भाऊ. गावं वेगळी, बोली वेगळ्या, मिलही वेगवेगळ्या. पण मुलगा आठवी-नववीत गेला, ओठावर मिसरूड दिसायला लागली, की या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य यायचं : "काय वाटेल ते कर, पण मिलमध्ये तू यायचं नाहीस."

आज दहावीच्या आधीपासून घरोघरी मुलांच्या कलचाचण्या होतात, समुपदेशकाच्या वेळा घेतल्या जातात, कुठल्या अभ्यासक्रमाला किती मागणी आहे याची माहिती आईबाप तोंडपाठ सांगतात. आमच्या आईवडिलांकडे यातलं काहीच नव्हतं. बहुतेकांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. कुणी सातवी फायनल झालेला असला तर चाळीत त्याला मान. तरीही आयुष्यात काय करायचं आणि कोणासाठी करायचं, हे आमच्या पिढीला कळलं ते त्यांच्यामुळेच. ते कसं कळलं, हे आता साठीला आल्यावर नीट लिहून ठेवावंसं वाटतं.

त्या वाक्याचं वजन समजायचं तर आधी मिल समजून घ्यायला हवी. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली. तेव्हापासून कोकणातली आणि घाटावरची माणसं पिढ्यान् पिढ्या या गिरण्यांवर जगली. मिलमध्ये माणूस ओळखीनं लागायचा. गाववाला गाववाल्याला आणायचा, मेहुणा मेहुण्याला, बाप मुलाला. जॉबरकडे, म्हणजे माणसं लावून घेणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकायचा, बदलीचं कार्ड मिळवायचं, मग पाळी सुरू होण्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी खाडा केला असेल तर त्या दिवसाचं काम मिळायचं, नाहीतर आल्या पावली घरी. अशी वर्षं काढली की कधीतरी परमनंट. आमच्या आजोबांनी आमच्या वडिलांना असंच चिकटवलं होतं. म्हणजे मुलाला मिलमध्ये लावणं हा सरळ, ओळखीचा, फुकटात मिळणारा मार्ग होता. घरात आणखी एक पगार आला असता. तो मार्ग आमच्या वडिलांनी आपणहून बंद केला, आणि पुढे कुठे जायचं हे माहीत नसताना बंद केला.

याचा अर्थ त्यांना स्वतःच्या कामाची लाज वाटत होती असा मुळीच नाही. माझे बाबा साचेवाले होते. साचाखात्यात शेकडो माग एकाच वेळी धडधडत असायचे. तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून माणसं हातांच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलायची. बाबांचा आवाज घरीही चढाच राहिला. कधी रविवारी दुपारी लहर आली की ते आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढायचे, मुद्दाम तोडायचे आणि तुटलेली दोन टोकं एकावर एक आडवी ठेवून अंगठ्याखाली दाबायचे. दुसऱ्या हातानं एक वळसा, एक हलका ओढा, आणि गाठ बसलेली. चिमटीत फिरवली तरी बोटाला लागायची नाही. "गाठ जाड राहिली की फणीत अडकते, शेजारचे धागे घेऊन तुटते, आणि सगळा तागा डागी," ते सांगायचे. मग मला करायला लावायचे. माझी गाठ जाड व्हायची. ते ती सोडवायचे आणि पुन्हा दोरा हातात द्यायचे.

जूनमध्ये शाळेच्या शर्टाचं कापड घ्यायला गेलो की दुकानदार रंग दाखवायचा आणि बाबा कापड उजेडासमोर धरायचे. उभे धागे, आडवे धागे, विणीतली पोकळी बघून ते एकदाच मान हलवायचे. दुकानदार त्यांना "कुठल्या मिलमध्ये?" असं आदरानं विचारायचा. त्या दुकानात उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की काम येणं म्हणजे काय, आणि ज्याला काम येतं त्याच्याशी जग कसं बोलतं.

मग हेच काम मुलाला का नको? कारण काम आणि त्या कामानं दिलेलं जगणं यातला फरक त्यांनी अंगावर सोसला होता. कापसाची धूळ छातीत जाऊन बसायची, चाळिशीतच खोकला मागे लागायचा. पाळी दर काही दिवसांनी बदलायची, त्यामुळे झोपेला ठिकाण नव्हतं. आपल्या कौशल्याचा अभिमान मुलाला द्यायचा आणि ती धूळ मात्र द्यायची नाही, असा त्यांचा हिशेब होता. आम्हाला तो कुणी समजावून सांगितला नाही. रोज डोळ्यांसमोर होता म्हणून तो आम्हाला समजला.

दुसरं शिक्षण मिळालं ते मनीऑर्डरच्या फॉर्मवर. पगार झाला की पाकिटातले पैसे चटईवर मांडले जायचे : वाण्याचे, भाड्याचे, भिशीचे आणि गावचे. फॉर्म भरायचं काम घरातल्या शिकणाऱ्या मुलाचं. खालच्या छोट्या जागेत काय लिहायचं ते बाबा सांगायचे, "आईचं औषध आणायचं, बैलाचे पैसे पुढच्या महिन्यात देतो." गावची पत्रंही आम्हीच लिहायचो आणि आलेली पत्रं आम्हीच वाचून दाखवायचो. तीर्थरूप आजोबांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्यातून कळायचं की घरावरचं कर्ज किती, गावी काकाचं लग्न का थांबलंय, आणि बाबा नवी चप्पल का घेत नाहीत. आजच्या भाषेत पालक मुलांना अशा गोष्टींपासून 'जपतात'. आमच्या घरात जपायला दुसरी खोलीच नव्हती. पण घराचा खरा हिशेब माहीत असलेल्या मुलाला 'अभ्यास कशासाठी' हे वेगळं सांगावं लागत नाही.

जागेची गोष्ट निघालीच आहे. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात सहा-सात माणसं, गावाहून आलेला एखादा पाहुणा, आणि रातपाळी करून दिवसा झोपलेले वडील. अभ्यास कॉमन गॅलरीत, जिन्यात, नाहीतर कामगार कल्याण केंद्राच्या अभ्यासिकेत. परळच्या मुलांना या बाबतीत एक गोष्ट हमखास सांगितली जायची, आणि ती आमच्याच वस्तीत घडलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या एका चाळीत रामजी सुभेदार आपल्या मुलांना घेऊन राहत होते. जागा अपुरी, म्हणून ते भीमरावांना लवकर झोपवायचे, मध्यरात्रीनंतर दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर लेकींकडून उसने आणायचे. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरांत ही गोष्ट सांगताना भर बाबासाहेबांच्या बुद्धीवर असायचाच, पण आईवडील ऐकायचे ते रामजींसाठी. आपण शिकलेले नसलो तरी जागा करून देणारा बाप होता येतं, एवढं त्यांनी त्यातून घेतलं होतं. परीक्षेच्या दिवसांत आमच्या मजल्यावर रेडिओ बंद असायचा, आणि तो बंद ठेवायला कुणाला सांगावं लागत नसे.

'कुठली लाइन घ्यायची' हा प्रश्न आला की मात्र आईवडिलांचं ज्ञान संपायचं आणि ते तसं कबूल करायचे. मुलाला घेऊन ते चाळीतल्या पहिल्या ग्रॅज्युएटकडे जायचे. प्रत्येक चाळीत असा एक दादा असायचा, बँकेत नाहीतर मंत्रालयात लागलेला. रविवारी सकाळी त्याच्या खोलीत मार्कशीटा उलगडल्या जायच्या. १९६९ मध्ये चौदा आणि १९८० मध्ये आणखी सहा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. शाखा वाढत होत्या, कारकून हवे होते. दादा सांगायचा : एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घाल, कार्ड वेळेवर रिन्यू कर, टायपिंग लाव, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. बाबा पोस्टात रांग लावून पोस्टल ऑर्डर आणायचे, ट्रू कॉपीवर सही घ्यायला कुणा गॅझेटेड ऑफिसरच्या दारात मुलाबरोबर उभे राहायचे. फॉर्ममधलं इंग्रजी त्यांना वाचता येत नसायचं. पण तो पोचेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

आमच्या आईवडिलांचा नकाशा त्यांच्या पायाखालच्या वस्तीएवढा होता, आणि सुदैवानं ती वस्ती मोठी होती. केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर. परळ आणि लोअर परळचे रेल्वेचे कारखाने, गोदी, बेस्ट, माझगाव डॉक. माटुंग्याला व्हीजेटीआय. ही संस्था १८८७ साली भायखळ्याला सुरू झाली ती मुख्यतः गिरणी उद्योगाला तंत्रज्ञ मिळावेत म्हणून, आणि तिच्यामागे दिनशॉ पेटिट यांच्यासारखे गिरणीमालक उभे होते. मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा मुलगा तिथे डिप्लोमाला बसला की सगळ्या चाळीत पेढे. मुलांना ही ठिकाणं रोज दिसायची. पांढऱ्या पोशाखातली नर्स, अप्रेंटिसचा निळा शर्ट, बेस्टच्या कंडक्टरची चामडी बॅग : काम म्हणजे चालत-बोलत समोरून जाणारी माणसं होती, आणि त्यांना थांबवून विचारता यायचं.

मुलींना वाट दाखवणारं वाक्य आईच्या तोंडून यायचं. गिरण्यांत एके काळी बायका मोठ्या संख्येनं होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत. पुढे त्यांची संख्या घटत गेली आणि अनेकींनी घरातच खानावळ चालवली. एका खोलीत, एका स्टोव्हवर, दहा-पंधरा कामगारांचे डबे. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ज्या बाईनं अंगठा देऊन नव्हे तर सही शिकून स्वतःच्या नावावर कर्ज घेतलं आणि फेडलं, तिची मुलगी वेगळीच घडते. "लग्न होईल तेव्हा होईल, आधी डी.एड. कर, हातात पैसा असू दे," असं सांगणाऱ्या या आया होत्या. आमच्या मजल्यावरून शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या, टेलिफोन ऑपरेटर झाल्या. त्यांच्या आयांनी त्या मुलींना भाकऱ्या थापायला बसवलं ते कामाला हात हवा म्हणून. पण परीक्षेच्या आठवड्यात पीठ स्वतः मळलं.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी नकळत दिली. माणूस म्हणजे त्याची नोकरी नव्हे, हे आम्ही त्यांच्याकडे बघून शिकलो. पाळीवरून दमून आलेला माणूस रात्री भजनी मंडळात पखवाज घेऊन बसला की दुसराच वाटायचा. कुणी नमनाला जायचा, कुणी दशावतारात उभा राहायचा, कुणी व्यायामशाळेत पोरांना मल्लखांब शिकवायचा, कुणी कामगार रंगभूमीवर नाटकं बसवायचा. पोटासाठी एक काम आणि जिवासाठी एक नाद, अशी त्यांच्या जगण्याची मांडणी होती. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी पदरी घेऊन वाढवलेला मुलगा पुढे पालिकेच्या शाळेत शिक्षक झाला आणि १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' घेऊन कवी नारायण सुर्वे म्हणून महाराष्ट्रापुढे आला. आमच्या वस्तीत त्याचं नवल होतं, पण ते अशक्य कुणालाच वाटलं नव्हतं.

अर्थात त्यांच्या सल्ल्याला मर्यादा होत्या. परमनंट, पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड या तीन शब्दांपलीकडची वाट त्यांना धोक्याची वाटायची. माझ्या एका मित्राचा हात चित्रकलेचा होता. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा तो चांगल्या श्रेणीत पास झाला होता. त्याच्या अण्णांनी त्याला एवढंच विचारलं, "चित्रं काढून घर चालवणारा माणूस मला दाखव." मित्र त्यांना लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेला. अण्णा तिथे तासभर उकिडवे बसून होते. मूर्तिकाराला त्यांनी मातीचा भाव विचारला, कामगार किती ते विचारलं, पावसाळ्याआधीचे महिने कसे जातात ते विचारलं. परत येताना म्हणाले, "कर. पण मास्तरकीचं सर्टिफिकेट पण घे." तो आर्ट टीचरचा डिप्लोमा घेऊन चित्रकला शिक्षक झाला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मूर्ती रंगवत राहिला. अण्णांची शंका खरी होती, आणि तिचं उत्तर डोळ्यांनी बघितल्यावर ती सोडून द्यायची तयारीही खरी होती. मुलाचं स्वप्न तपासून बघणं आणि ते मोडणं यांत फरक आहे. तो त्या चौथी शिकलेल्या माणसाला माहीत होता.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आमची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. सुरुवातीला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. गिरण्यांचे भोंगे वाजायचे बंद झाले आणि आमच्या वस्तीला वेळ कळेनाशी झाली. मार्च गेला, जून आला, निकाल लागले. पेढे कुणी वाटले नाहीत. संप चालूच होता, आणि तो रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही.

त्या जूनमध्ये आमच्या घरांनी जे केलं ते आमच्या पिढीनं विसरता कामा नये. अकरावीच्या प्रवेशाची फी कुठून आणायची? तांब्याचे हंडे गेले, मंगळसूत्रातले मणी गेले. बाबा एका सोसायटीत वॉचमन म्हणून रात्री उभे राहू लागले. शेजारचे तात्या भाजीची पाटी घेऊन बसले. ज्या हातांनी उभं आयुष्य साचे चालवले, ते हात सुट्टे पैसे मोजताना थरथरायचे. कित्येक बिऱ्हाडं गावाला परतली, तेव्हा दहावी झालेल्या मुलाला शेजाऱ्यांच्या घरी ठेवून गेली. "आमच्या ताटात त्याचं ताट," एवढंच शेजारची मावशी म्हणायची. आम्ही मुलं सकाळी दुधाच्या केंद्रावर, पेपरच्या लाइनवर काम करायचो आणि मग कॉलेजात जायचो. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांनी रात्रशाळा आणि सकाळची कॉलेजं धरून पदवी पुरी केली.

आणि सगळ्यांना हे जमलं नाही, हेही इथे लिहिलंच पाहिजे. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी नवी दारं उघडली, नेमकी त्याच वेळी आमच्या वस्तीतली चूल थंड होती. लाखभराहून जास्त कामगारांना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही. हुशार मुलं शाळा सोडून गॅरेजला गेली, काही वाईट संगतीला लागली, काही पोलिसांच्या यादीत गेली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकातलं कुटुंब अशाच एका चाळीतलं आहे, आणि ते बघताना आमच्यातल्या अनेकांना आपलाच मजला आठवला. त्या मुलांच्या आईवडिलांची माया आमच्या आईवडिलांहून कमी नव्हती. मुलाला दिशा देणं घराच्या हातात असतं, पण त्या दिशेनं चालत राहण्यासाठी घरात पगार लागतो, शहरात स्वस्त कॉलेज लागतं, कुणीतरी शिष्यवृत्ती द्यावी लागते. मुलं वाया गेली म्हणून आईबापांना दोष देणाऱ्यांनी आधी हे बघावं.

आता गिरण्यांच्या जागी मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत. आमच्यातले बँकवाले, शिक्षक, नर्सा, फोरमन निवृत्त झाले किंवा होत आले आहेत. आमची मुलं ज्या कामांत आहेत त्यांची नावं आमच्या आईवडिलांना उच्चारता आली नसती. या नव्या घरांत मुलांसाठी स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, क्लासची फी आहे. आणि तरीही सोळा-सतरा वर्षांची कितीतरी मुलं 'मला काय करायचंय तेच कळत नाही' असं म्हणताना भेटतात. ती आळशी नाहीत. त्यांच्या समोर काम दिसत नाही, एवढंच आहे. आई लॅपटॉपपुढे बसते, बाबा फोनवर बोलतात, आणि त्यातून नेमकं काय तयार होतं, कुणाचं भलं होतं, कुठे चूक झाली तर काय बिघडतं, हे मुलाला कधी कुणी सांगितलेलं नसतं. घरात किती पैसे येतात आणि कुठे जातात हेही त्याला माहीत नसतं. त्याला फक्त टक्के माहीत असतात.

म्हणून आज आईबाप असलेल्यांना आमच्या पिढीच्या वतीनं एक मागणं आहे. मुलांना आपल्या कामाच्या जागी एकदा तरी न्या. तुमच्या कामातली गाठ कशी मारतात ते त्यांच्या हातात दोरा देऊन दाखवा, आणि ती जाड झाली तर सोडवून पुन्हा मारू द्या. घराचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. तुमच्या कामात काय चांगलं आहे ते सांगा आणि काय त्यांच्या वाट्याला येऊ नये असं वाटतं तेही सांगा. पुढची वाट तुम्हाला माहीत नसेल तर तसं कबूल करा आणि ज्याला माहीत आहे त्याच्या दारात मुलाबरोबर जाऊन उभे राहा. लाइन मुलं स्वतः शोधतील. पण ज्या कामावर आपण घर चालवलं ते त्यांना उघड दाखवणं हे आईबापांचं काम आहे. आमच्या आईवडिलांनी ते चाळीतल्या एका खोलीत, संपाच्या वर्षातही केलं. कुठल्याही घराला ते परवडण्यासारखं आहे.